प्रश्न क्रमांक ४१२ चे बरोबर उत्तर

मी, लीला गोपाळराव सरवटे, वय ७८, राहणार मानिक चौकामागची गल्ली, झाशी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने साध्या कागदावर लिहीत आहे. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, हे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो देताना डॉक्टर हसले, हेही नोंदवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे या घरात कोणी उरलेले नाही. जे उरले आहे त्याचा उल्लेख कलम पाचमध्ये येईल.

कलम १. बँकेतली सर्व शिल्लक मी शिकवत असे त्या मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावी. पुस्तके घ्यावीत. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम २. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी अडतीस वर्षे सामान्यज्ञानाची स्पर्धा घेतली. तिची सहा खोके कार्डे, प्रत्येकावर एक प्रश्न व मागे उत्तर, मंडळाचे सचिव चिरंजीव कौशिक यांना द्यावीत. वापरण्याआधी ती तपासावीत. जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडे असतात, ऑक्टोपसला तीन हृदये असतात, शुक्राची स्वतःभोवतीची एक फेरी तिथल्या वर्षापेक्षा मोठी असते, ही कार्डे टिकतील. ग्रह नऊ, असे उत्तर असलेले कार्ड मी २००६ साली दुरुस्त केले. माहिती बदलली की कार्ड बदलायचे, यात मला कधी कमीपणा वाटला नाही. एका कार्डाबाबत मात्र मी एकतीस वर्षे हट्ट धरला.

कलम ३. स्पर्धेचे स्टॉपवॉच १९९१ पासून वेळ मोजणाऱ्या राजाभाऊंकडे आहे. ‘उद्या आणून देतो’ असे ते अजूनही म्हणतात. ते त्यांनी ठेवून घ्यावे. कारण पुढील कलमात आहे. टेबलावरची घंटी कोणालाही देऊ नये. तिचे काय करावे ते मला सुचलेले नाही.

कलम ४. स्पर्धेचा एक नियम माझा होता: उत्तर मराठीतच द्यायचे. आमची मुले शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली बोलत. मराठी त्यांना समजे, बोलवत नसे. वर्षातून एका संध्याकाळी तरी त्यांनी तोंड उघडावे, हा हेतू. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते.

१९९४ साली, पाचव्या दिवशी, शेवटच्या प्रश्नावर दोन मुलांचे गुण सारखे होते. त्यातली एक माझी भाची इरा, वय अकरा. माझा धाकटा भाऊ यज्ञेश्वर आणि त्याची बायको माधुरी तेव्हा याच घरात वरच्या मजल्यावर राहत. माधुरी जवळच्या गुरसराय गावची, हिंदी बोलणाऱ्या घरातली. इरा रोज दुपारी चार वाजता शाळेतून येई, जिन्यावर बसे आणि मी खालून एकेक कार्ड वाचत असे. तिला उत्तरे मीच शिकवली होती.

कार्ड ४१२: असा कोणता खाद्यपदार्थ आहे, जो नीट बंद करून ठेवला तर हजारो वर्षे नासत नाही?

इरा लगेच उभी राहिली. “शहद.”

“मराठीत सांग.”

“आत्या, शहद ही तो है.”

राजाभाऊ वेळ मोजत होते. ते हळूच म्हणाले, “लीलाताई, द्या की गुण. पोरीला येतंय.” सभागृहात असे म्हणणारे ते एकटे. मी घंटी वाजवली आणि “चूक” म्हणाले. कार्डामागे ‘मध’ लिहिले होते. पहिले बक्षीस पृथ्वीचा गोल होता. दुसऱ्या मुलालाही मराठी शब्द आला नाही, म्हणून गोल माझ्याबरोबर घरी परत आला.

घरी यज्ञेश्वर म्हणाला, “ताई, उत्तर बरोबर होतं.”

“उत्तर बरोबर. भाषा चूक.”

“ती आईकडे ज्या भाषेत मागते, त्याच भाषेत बोलली.”

माधुरी एवढेच म्हणाली, “दीदी, बच्ची है.”

मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. दिवाळीनंतर ते तिघे ग्वाल्हेरला राहायला गेले. इराने त्या दिवसानंतर मराठीचा एक शब्दही उच्चारला नाही, असे मला यज्ञेश्वरच्या पत्रातून कळले. २००९ साली तो गेला. मला तेराव्यानंतर कळवले गेले. मी ग्वाल्हेरला फोन केला. इराने उचलला आणि म्हणाली, “जी, बोलिए.” परक्या माणसाशी बोलतात तसे. मला बोलता आले नाही. मी फोन ठेवला.

कलम ५. त्याच २००९ सालापासून, दुपारी चार वाजता मी चहा घेत कार्डे चाळते तेव्हा, जिन्यावरून उत्तर येते. आवाज अकरा वर्षांच्या मुलीचा आहे. उत्तर हिंदीत असते आणि नेहमी बरोबर असते. मी विज्ञान शिकवले आहे. कान तपासून घेतले, शेजारच्या घरांत मुले आहेत का पाहिले, जिन्याचे दार बाहेरून लावून पाहिले. इरा सुखरूप आहे, बेचाळीस वर्षांची आहे, ग्वाल्हेरला शिकवते. जिवंत माणसाचा आवाज त्याच्यापासून सुटून एखाद्या घरात मागे राहतो, अशी नोंद माझ्या एकाही कार्डावर नाही.

मी ४१२ मुद्दाम वगळते. वगळले तरी सगळी कार्डे संपल्यावर वरून शांतपणे येते, “शहद.” मग ती थांबते. मी काही म्हणेन म्हणून थांबते, हे मला कळते. सोळा वर्षे मी कप उचलून आत गेले आहे.

कलम ६. हे घर, वरचा मजला व जिन्यासह, इरा यज्ञेश्वर सरवटे हिला द्यावे. अट कोणतीही नाही. तिने राहावे, विकावे, कुलूप लावावे. गोल कपाटात मूळ खोक्यात आहे. त्यावरच्या काही देशांची नावे आता बदलली आहेत. तिला ते माहीत असेल.

कलम ७. मी जाहीर करते की १९९४ च्या स्पर्धेत कुमारी इरा हिने प्रश्न क्रमांक ४१२ चे दिलेले उत्तर बरोबर होते. चूक स्पर्धाप्रमुखाची होती. हे कलम येत्या गणेशोत्सवात मंचावरून वाचावे आणि उत्तर मराठीतच देण्याचा नियम त्याच दिवशी रद्द करावा.

पुरवणी, सहीपूर्वी. वरील मजकूर मी आज दुपारी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. कार्ड ४१२ चा प्रश्न वाचून मी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात त्यांतली एक, शेजारची शिवांगी, सहज म्हणाली, “शहद ना, मौसी?”

माझ्या तोंडून गेले, “बरोबर.”

वरून पावले उतरू लागली. एकेक पायरी, सावकाश, माझ्या खुर्चीमागून गेली. मी वळले नाही. आता सव्वाचार झाले आहेत. मी पाच कार्डे वाचली. जिन्यावरून काही आले नाही. मला बरे वाटायला हवे होते.

म्हणून एक बदल करते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. कलम सहा तेव्हा उघडावे. कलम सात आणि गोल घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीने स्वतः ग्वाल्हेरला जात आहे. तिने “जी, बोलिए” म्हटले, तर या वेळी मी बोलेन. हिंदीत बोलेन.

स्थळ: झाशी. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

(सही) लीला गोपाळराव सरवटे

आम्हा दोघांदेखत लीलाबाईंनी सही केली व त्यांच्यादेखत आम्ही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

(सही) सलील आठवले. मला पावले ऐकू आली नाहीत.

(सही) शिवांगी तिवारी. मलाही नाही. पण आत आल्यावर गल्लीचे दार मी स्वतः लावले होते. आता ते उघडे आहे.