फॉलिक म्हणजे फोल

४ जून, सकाळ
नाही नाही, मी सुनेचं कपाट उघडलं नाही. उघडंच होतं, मी फक्त आत पाहिलं. शेजारच्या द्रौपदाबाईला हेच सांगितलं. आत गोळ्या. माझ्या लेकाने, आकाशने नाव वाचून दाखवलं, फॉलिक ॲसिड. फॉलिक म्हणजे फोल! कूस फोल करायची गोळी. वर ॲसिड, म्हणजे संडास धुवायचं. चौथी शिकले, तरी माले बठ्ठं समजस, सगळं म्हणजे सगळं. ठरवलं, आपण मधे पडायचं नाही.

५ जून
मधे पडले. शिल्पाला विचारलं, नातू देणार नाही का? म्हणाली, आई, मूल हवं म्हणूनच घेतेय. मी म्हटलं, पाणी हवं म्हणून कोणी विहीर बुजवतं का?
गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ पाठीचा कणा उघडाच घेऊन आलं. आठवडाही राहिलं नाही. कारण मला माहितीये. ग्रहणात हिने वांगी चिरली. द्रौपदाबाई म्हणे, अक्का, त्या दिवशी भरीत होतं, वांगी भाजलेली. मग भाजल्यामुळे!

११ जून
बंदोबस्त केला. कसा, ते इथेही लिहीत नाही. शिल्पाला म्हटलं, तुला साक्रीच्या बसची घाई, गोळी मी देत जाईन. ती पळता पळता गिळते. द्रौपदाबाईला म्हटलं, अशी सासू भाड्यानेही मिळायची नाही. ती म्हणाली, मिळाली तर परत पाठवीन.

२ जुलै
संकल्प: कमी बोलायचं.
शिल्पाला पपई बंद केली. जुळं केळंही बंद. ती म्हणाली, आई, अजून काहीच नाहीये. म्हटलं, काळजी आधीपासून घ्यावी. म्हणाली, गोळीचं पण तसंच आहे ना. फार वाद घालते.

२० ऑगस्ट
धुळ्याला, देवपुरात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना दोन शब्द सुनावायला मी पण. त्यांनीच सुनावले. बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच मिटतो, दिवस गेलेत हे बाईला कळायच्या आत. फॉलिक हे जीवनसत्त्व, ते आधीपासून अंगात हवं. धोका पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. एक बाळ असं गेलं, म्हणून शिल्पाला मोठा डोस. मी ग्रहणाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, मावशी, ग्रहण तर सगळ्या गावाला लागतं.
त्यांनी विचारलं, गोळ्या रोज घेते ना? शिल्पा म्हणाली, एकही चुकली नाही, आई स्वतः हातावर ठेवतात. त्या म्हणाल्या, मग आता बाळ होऊ द्या. जाताना माझी पाठ थोपटली.

२१ ऑगस्ट, सकाळ
शिल्पा गुणगुणत चपला घालत होती. गोळीसाठी हात पुढे केला. आकाश पण उभा होता, लाजत.
सांगून टाकलं. म्हटलं, थांबा, इतक्यात होऊ देऊ नका. शिल्पे, तुला रोज दिली ती माझ्या कॅल्शियमची अर्धी गोळी. तुझ्या गोळ्या मी उकिरड्यावर टाकल्या. सगळ्या.