मला पाडणाऱ्या सुनेस तळमजला

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा आणि अपघाताने राजकारणी, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. विरोधकांनी तो कधीच दिला नाही, परंतु कायद्याला डॉक्टरांचा पुरतो. खालचा मजकूर कोणी माझ्याकडून दमदाटीने किंवा लाडीगोडीने लिहवून घेतलेला नाही. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले पहिले तर मी मुख्यतः माझ्या पुतळ्याची जागा ठरवण्यासाठी लिहिले होते.

१. मालमत्तेच्या आधी मालक कोण होता ते सांगतो. वकीलसाहेब म्हणाले, "एका ओळीत आटपा." सभागृहात अध्यक्षही हेच म्हणत, आणि त्यांचेही मी ऐकत नसे.

मी दुकानांच्या पाट्या रंगवत असे. एका निवडणुकीत वॉर्डातल्या भिंती रंगवायचे काम मिळाले. "आपला माणूस, कामाचा माणूस" एवढे सगळीकडे लिहून झाले, खाली नाव घालायचे राहिले, आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी उमेदवाराने पाय मागे घेतला. मी तोंड पाडून घरी आलो. बायको म्हणाली, "भिंती तयार आहेत, रंग शिल्लक आहे. तुमचंच नाव घाला की."

"अगं, मला राजकारणातलं काय कळतं?"

"त्याला तरी काय कळत होतं?"

मी निवडून आलो. लोकांनी कामाच्या माणसाला मत दिले असे मी पुढे आयुष्यभर सांगितले. खरे तर त्यांनी वळणदार अक्षराला दिले होते.

२. नगर परिषदेत मी चार वेळा निवडून गेलो. गटारे, नळ आणि रस्त्यावरचे दिवे ही माझी दुनिया. पुढे मोठे व्हायची हौस आली म्हणून एकदा जिल्हा परिषदेत गेलो. तिथल्या भल्यामोठ्या सभागृहात पहिल्याच दिवशी मी रस्त्यावरच्या दिव्यांवर घणाघाती भाषण केले. ते संपल्यावर अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सन्माननीय सदस्य, तुमचे दिवे शहरात राहिले. हा जिल्हा आहे." सभागृह पोट धरून हसले. त्या मुदतीत मी जिल्ह्यात काय दिवे लावले, ते तिथल्या जनतेने पुढच्या निवडणुकीत मला घरी बसवून नोंदवले. मी शहरात परतलो आणि "जनतेच्या आग्रहास्तव" असे छापून पुन्हा उभा राहिलो. आग्रह करणारी जनता म्हणजे मी आणि छापखानेवाला.

३. स्थावर मालमत्ता : एक दुमजली घर, स्वकष्टाचे. त्याची वाटणी लिहिण्याआधी माझा पराभव लिहिणे भाग आहे, कारण तो त्याच घरात झाला.

माझी सून आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नगर परिषदेच्या दवाखान्यात परिचारिका होती. तो दवाखाना हलवून शहराबाहेर, हमरस्त्याला, मोठ्या इमारतीत न्यायचा प्रस्ताव आला. मी त्याचा खंदा समर्थक. कोनशिलेवर माझे नाव यायचे होते, आणि ती अक्षरे मी स्वतःच काढून ठेवली होती.

जेवताना सून म्हणाली, "बाबा, तिथं बस जात नाही."

"जाईल."

"कधी?"

"प्रस्ताव येईल."

"तोवर म्हाताऱ्यांनी दुखणं आवरून धरायचं का?"

मी म्हणालो, "राजकारण म्हणजे जखमेला पट्टी बांधणं नव्हे." वाक्य मला फार आवडले. मुलानेही मान हलवली. सुनेने नोकरीचा राजीनामा दिला आणि माझ्याविरुद्ध अर्ज भरला.

त्यानंतरचे दिवस शत्रूवरही येऊ नयेत. वरच्या मजल्यावर तिचे कार्यकर्ते, खाली माझे, आणि मधल्या जिन्यावर चहाचे तबक घेऊन माझी बायको. माझ्या माणसांनी तक्रार केली की चहा आधी वर जातो. बायको म्हणाली, "माझे पाय धड आहेत तोवर वर जाऊन येते, खाली काय, केव्हाही येता येतं." मी तिला एकटीला गाठून विचारले, "तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"चहाच्या."

मी पडलो. थोडाथोडका नाही, सपशेल आपटलो. निकालाच्या दुपारी घरासमोर जयघोष झाला, तेव्हा सवयीने मी गॅलरीत जाऊन हात हलवला. खाली एकदम सामसूम. मला आत जाता येईना आणि हातही खाली घेता येईना. तेवढ्यात सून जिना चढून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "हलवा बाबा, थांबू नका. निम्मे तुमचेच आहेत." आम्ही दोघांनी हात हलवले. निम्मे वगैरे नव्हते, हे मतमोजणीहून आलेल्या तिला पक्के ठाऊक होते.

दवाखाना कोपऱ्यावरच राहिला. पुढे बायको आजारी पडली, तेव्हा ती इंजेक्शनला भिंतीच्या आधाराने, पण आपल्या पायांनी जात असे. मी सोबत निघालो की म्हणे, "तुम्ही बसा. हमरस्त्याला जायचं असतं तर नेलं असतं तुम्हाला."

ती गेली. या कलमात एवढेच लिहितो.

४. माझा मुलगा. एकुलता एक, हुशार, मला प्रिय. त्याने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मग दुसरा संसारही. न्यायालयाने नवराबायकोला वेगळे केले. सून सामान बांधू लागली तेव्हा बायको, तेव्हा ती हयात होती, म्हणाली, "नातं त्याच्याशी मोडलंय. आमच्याशी तुझं भांडण झालंय का?" सून राहिली.

बायको गेल्यावर मुलगा आला. माझ्याजवळ बसून म्हणाला, "बाबा, घर विकून टाकू. तुम्ही माझ्याकडे या, नाहीतर इथंच छोटी जागा घेऊ. तिला मात्र जावं लागेल. शहर सोडून माहेरी गेली की मतदारयादीतलं नाव गेलं, उभंच राहता येणार नाही. पुढच्या वेळी तुमची वाट मोकळी."

बाप म्हणून मला संताप यायला हवा होता. मला आनंद झाला. पोरगा माझीच नस घेऊन जन्मला आहे. दुपारभर मी पलंगावर पडून विजयाचे भाषण रचले. जुने जाकीट काढून घातले. पोटाने एकाही बटणाला दाद दिली नाही, तरी मी ठरवले की उघडे जाकीट अधिक लोकाभिमुख दिसते. मग तिला घर सोडायला सांगण्यासाठी खाली गेलो.

माझ्या जुन्या कार्यालयात ती बसली होती. समोर घरोघरी धुणी धुणाऱ्या एक आजी. मी दाराजवळच्या बाकावर टेकलो. आजी गटारावरून सुरू झाल्या, तिथून जावयावर गेल्या, मग गुडघ्यावर, आणि फिरून गटारावर आल्या. माझ्या काळात "गटा" एवढे ऐकताच मी "काम झालं समजा" म्हणून मोकळा झालो असतो. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "पाणी आत कुठून येतं?"

"दाराखालून गं."

"चला, दाखवा."

पायांत चपला सरकवून ती निघून गेलीसुद्धा. मी जाकिटासकट बाकावर. इतकी वर्षे ती खोली माझी होती, पण त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. फार कडक आहे. त्यावर लोक सकाळपासून बसत आणि मी आत वर्तमानपत्रात स्वतःचे नाव शोधत असे.

ती परतली तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. म्हणाली, "बाबा, काही बोलायचं होतं का? आणि हे जाकीट कशाला? उकडतंय किती!"

"काही नाही. चहा टाकतो, घेशील ना?"

मुलाला त्याच संध्याकाळी नकार कळवला. तो अजून रागावलेला आहे. त्याचा राग रास्त आहे, माझा नकारही.

५. सबब, संपूर्ण तळमजला कार्यालयाच्या खोलीसह मी सुनेस देतो. ती कायद्याने माझी सून उरलेली नाही, तरी हक्क तिचाच. ती पुन्हा लग्न करो वा न करो, जिंको वा पडो, यात फरक पडणार नाही. तिथला बाक तेवढा बदलावा, ही विनंती.

वरचा मजला आणि बँकेतील सर्व ठेव मुलास. वरचा मजला विकायचा झाल्यास आधी तिला विचारावे. न विकल्यास येताजाता त्याला तिच्या दारावरून जावे लागेल. दोघांनी निदान "कसं काय" म्हणावे, एवढी बापाची लबाडी चालवून घ्यावी.

६. किरकोळ. माझे ब्रश आणि रंग समोरच्या शिंप्यास. त्याच्या पाटीवर मी "शिलाई"च्या जागी "शिळाई" लिहिले, हे तो वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना दाखवतो. आता स्वतः दुरुस्त करावे. मानचिन्हे भंगारात द्यावीत. ज्या अध्यक्षांनी माझी भाषणे घंटा वाजवून तोडली, त्यांना मी माफ केले आहे. दिव्यांवरचे भाषण सोडून.

अंत्ययात्रेत भाषणे नकोत. दोन मिनिटे शांतता पाळावी. माझ्या उपस्थितीत ती प्रथमच पाळली जाईल.

७. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. हे पत्र वकीलसाहेबांनी बंद ठेवावे आणि माझ्या मृत्यूपूर्वी सुनेला यातले अक्षरही कळू देऊ नये. कळले तर ती उपकार मानेल, मान देईल, माझ्याशी हळू आवाजात बोलू लागेल. सध्या ती मला मीठ कमी खा म्हणून ओरडते, अंघोळीवरून ओरडते, जाकिटावरून ओरडते. मला ओरडणारे या घरात आता दुसरे कोणी राहिलेले नाही.

हे वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

सही : ____________

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टर. (शेरा : लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला. मीठ खरोखरच कमी करावे.)
२. नगर परिषदेचे निवृत्त सचिव. (शेरा : वरील मजकूर लांबला आहे, परंतु खरा आहे.)

ठिकाण : राहते घर, तळमजला
दिनांक : सोमवार, सकाळी, सून प्रभागात गेलेली असताना