काठ कुठून धरायचा

प्रिय टाचणी,

या नावानं हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. पण तुझं खरं नाव कागदावर उमटेना, तीन कागद वाया गेले, म्हणून जुनंच राहू दे. हे पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, फक्त आधी शेवटपर्यंत वाच. उद्या सकाळी अकराला चौकशी समितीपुढे माझा जबाब आहे. तुझ्या बाबांच्या अंगावर भिंत का पडली, एवढंच त्यांना ठरवायचं आहे, आणि ते माझ्या बोलण्यावर ठरणार आहे.

काल मोजणी खात्यातल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मला बसायला खुर्ची दिली. दीड वर्षात पहिल्यांदा. तेव्हाच ओळखलं, आता काहीतरी गिळायला लावणार. म्हणाले, घाबरू नकोस, मागची भिंत घरमालकानं स्वतःच्या हातानं बांधली होती, पाया उथळ होता, तेवढं सांग, बाकीचं मोजणीची वही सांगेल. वहीत तुमचं घर नाल्याच्या काठापासून नऊ मीटर ऐंशी सेंटिमीटरवर आहे. नऊच्या आतली घरं धोक्याची, ती हलवायची. नऊच्या बाहेरची सुरक्षित. म्हणजे खातं सुटलं, साहेब सुटले, मी सुटलो, आणि दोषी कोण, तर जो माणूस उठून बोलू शकत नाही तो. मी ऐकून घेतलं आणि मुकाट बाहेर आलो. मी मुकाट, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

बसू नयेच. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सरांनी पडद्यावर शहराचा नकाशा लावला होता आणि तुमची अख्खी वस्ती त्यात फिकट करडी रंगवून वर लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’. अडीचशे घरं, शिलाई मशिनं, गिरणी, दवाखाना, तू, सगळं मिळून मोकळी जागा. मी उठून विचारलं, सर, तिथे मी रोज चहा पितो, तो हवेत पितो का? वर्ग हसला. मग मी जे बोललो ते हसण्यासारखं नव्हतं. प्राचार्यांनी माफीनामा मागितला. तू म्हणालीस, दोन ओळी लिहून दे, तुझं काय झिजतं? मी दप्तर उचललं आणि निघालो, शहर सुधारायला. आता मुद्दाम जुनी पुस्तकं काढून पाहिली. पुराची रेषा कशी काढतात ते तिसऱ्या वर्षाला होतं. मी सहा महिने आधी बाहेर पडलो.

नकाशा चुकीचा आहे तर नकाशा करणाऱ्यांतच शिरू, म्हणून मी मोजणीच्या कामाला लागलो. हातात टेप, खांद्याला वही, लाल रंगाचा डबा. तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी माझी टेप हातात घेऊन पाहिली. गळ्यात त्यांची स्वतःची होतीच. म्हणाले, तुझी लांबीला बरी आहे रे, पण माणसाला बसेल असं काही शिवता येतं का हिच्यानं? तू मशीनमागे तोंडात टाचण्या धरून बसली होतीस. हसलीस तर टोचतील म्हणून हसू दाबत होतीस. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, मीही म्हणायला लागलो. ते शिवणीत नेहमी दोन बोटं जादा कापड सोडत. माणूस वाढतो, सुटतो, कपड्यानं जागा ठेवावी, असं म्हणत. मी तेव्हा ते फक्त कपड्यांबद्दल ऐकलं.

नऊ मीटरचा नियम आला तेव्हा वस्तीत कुणालाच तो धोका वाटला नाही, घालवून देण्याचं निमित्त वाटलं. मलाही. कारण आधीच्या वेळी हलवलेली माणसं कुठे गेली ते मी पाहून आलो होतो. दोन बस बदलून, शहर संपतं त्याच्याही पुढे, अकरा मजल्यांच्या चार इमारती. लिफ्ट बंद. दहाव्या मजल्यावरच्या आजीनं मला सांगितलं, पाच महिन्यांत मी दोनदा खाली उतरले, एकदा उतरताना पाय मुरगळला आणि दुसऱ्यांदा तो दाखवायला. स्वतःच हसली. तिची सून पहाटे निघे कामाला, तीन तास जाऊन-येऊन, मग तिनं कामच सोडलं. कागदावर मात्र त्या सगळ्यांचं पुनर्वसन झालेलं होतं. तुझी आई तिथून तुमच्या वस्तीतल्या दवाखान्यात जखमा बांधायला कशी गेली असती? मास्तरांकडे कपडे घेऊन कोण दोन बस बदलून आलं असतं?

आता मोजणी. कसं असतं सांगतो. टेपचं शून्याचं टोक नाल्याच्या काठावर धरायचं, दुसरं टोक घराच्या मागच्या भिंतीला टेकवायचं. भिंतीकडचं टोक मोजणीकाका धरत, तीस वर्षं तेच काम केलेला माणूस. शून्य माझ्याकडे. पण काठ म्हणजे कुठे? उन्हाळ्यात नाला आटून पाण्याची एक चिंधी मधून वाहते. काकांनी मला पहिल्या आठवड्यातच दाखवलं होतं, दगडांवर काळसर डाग दिसतो ना, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं, तो काठ. तुमच्या ओळीला त्या डागापासून घरं पावणेसात ते साडेसात मीटरवर होती. बाराच्या बारा जात होती. मी डागापाशी थांबलो नाही. अडीच मीटर खाली उतरलो, चिंधीच्या कडेला चिखलात पाय रोवले आणि शून्य तिथे धरलं. नियमात फक्त ‘काठ’ असं लिहिलंय, मी मनात वाद घातला, पाणी जिथे संपतं तो काठ. काकांनी टेप सैल सोडली. वरून एकच वाक्य बोलले.

“शून्य तिथे नको धरूस, ती जागा पाण्याची आहे.”

मी म्हणालो, आकडा वाचा. त्यांनी वाचला, मी लिहिला. बारा घरं, बारा आकडे, सगळे नऊच्या बाहेर. इतकी खुशी मला कॉलेजात कुठल्या निकालाची झाली नव्हती. साहेब जागेवर आलेच नाहीत, ऑफिसात बसून खाली सही केली.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहावं लागेल, नाहीतर मी ते पुन्हा गाळलं असं होईल. चौथ्या दिवशीही पाऊस थांबला नाही आणि दुपारी दीडला पाणी त्या काळ्या डागावर आलं, मग डागाच्याही वर. आई दवाखान्यात होती, तू वाचनालयात. मास्तर मागच्या खिडकीशी मशीनवर होते, कारण उजेड तिथूनच यायचा, आणि ती भिंत त्यांच्यावर आली. पाया उथळ नव्हता, टाचणी. मी त्या ढिगाऱ्यात हातांनी उकरलंय, मला माहीत आहे. चांगला खोल, नीट भरलेला पाया होता. पाण्यानं खालची मातीच नेली. तू धावत आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि मान फिरवलीस. मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं, हे हिला कळलं. त्यानंतर दीड महिना मी तुमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

उद्या मी सगळं सांगणार आहे. पाय कुठे होते, शून्य कुठे होतं. काकांनी मला अडवलं होतं, हेही. नोकरी जाईल, कदाचित पुढेही काही होईल, होऊ दे. बाकीची अकरा घरं अजून तिथेच उभी आहेत, वहीप्रमाणे सुरक्षित आहेत, म्हणून त्यांना कुणी हलवत नाही, आणि पावसाचे अजून दोन महिने आहेत. त्यांना त्या अकरा मजली इमारतींत फेकू नका, हेही सांगणार आहे. बाजारामागे खात्याच्या भंगार गाड्या उभ्या असतात, ती जागा मी परवा एकट्यानं मोजली. बारा नाही, चाळीस घरं बसतात, दवाखाना चालत दहा मिनिटं. नकाशा काढून साहेबांना दिला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. दुसरी प्रत उद्या समितीपुढे ठेवीन, आवाज न चढवता, जमलं तर.

पण हे सगळं तुला उद्या संध्याकाळी कुणाकडूनही कळलंच असतं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल तुझी आत्या ऑफिसच्या फाटकाशी आली होती. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत, त्यांची मी तयारी केली होती. ती म्हणाली, पोरगी जेवत नाही, समितीपुढे जाऊन सांगणार म्हणते की मीच त्याला घर वाचवायला लावलं, बाबांना मीच मारलं. म्हणजे त्या दिवशी ढिगाऱ्यापाशी तू माझ्यावरून मान फिरवली नव्हतीस, स्वतःवरून फिरवली होतीस, आणि मी दीड महिना स्वतःचंच दुःख कुरवाळत बसलो. तर आता नीट वाच. बसथांब्यावर तू म्हणालीस, टेप तुझ्याच हातात आहे ना, मग ओढ की जरा, तो गुरुवार होता. तुमच्या ओळीची मोजणी सोमवारची आहे, पानावर तारीख आहे, खाली काकांची सही आहे. तू बोललीस तेव्हा ते होऊन तीन दिवस झाले होते. मी तुला तसं सांगितलं नाही. शनिवारी छाती फुगवून म्हणालो, तुझं काम केलं, कारण मला तुझ्या डोळ्यांत मोठं व्हायचं होतं. आणि ते मी घरासाठी केलं नव्हतं, दवाखान्यासाठी नाही, मास्तरांच्या गिऱ्हाइकांसाठीही नाही. ती कारणं खरी आहेत, पण मला ती नंतर सुचली. चिखलात उभा होतो तेव्हा डोक्यात एकच होतं, ही दोन बसइतकी लांब गेली तर मला रोज दिसणार नाही. अडीच मीटर एवढ्यासाठी सरकले. तुझ्या वाक्याचा त्यात एक सेंटिमीटरही नाही. उद्या येऊ नकोस. आईपाशी थांब, आणि काहीतरी खा.

‘तुझाच’ लिहून दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा खोडवत नाही,

तुझाच
भडक्या