लाल पट्टा कुणाचा

ताइनान,
२० फेब्रुवारी २०२२

चिन,

तिकडे तैपेईत थंडी फार आहे म्हणतात, गुडघे जप. आई बरी आहे, फक्त नावांचा घोळ करते. नव्या वर्षाचा तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. मुद्दाम आले नाही फोनवर.

माझ्या फांग-यूचं लग्न सव्वीस मार्चला आहे. पत्रिका मिळालीच असेल. तिच्यात माझ्या हातची एक ओळही नव्हती, हे तुला लागलं असणार.

वाघाचं वर्ष लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आई लाल पट्टा माझ्या कमरेला बांधायला लागली. "तुझ्या जन्माचं वर्ष बारा वर्षांनी फिरून आलं गं, ते जड जातं, जपून राहा."

"आई, माझं बैलाचं वर्ष गेल्या साली झालं. वाघीण चिन आहे."

"कोण म्हणतं?"

"तूच! अठ्ठेचाळीस वर्षं."

ती हसली. "जुळ्यांत आधी आली ती चिन, बैलाचं वर्ष संपता संपता. तू आलीस तेव्हा नव्या वर्षाचे फटाके वाजून गेले होते. तुझी आजी म्हणाली, वाघीण या घरात नको, मावशीकडे पाठवा. तू मूठभर होतीस, मेली असतीस. चिन धट्टीकट्टी. मी सुईणीला गप्प केलं आणि वाघीण म्हणून तिलाच पाठवलं."

म्हातारीचा घोळ आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण चिन, बाराव्या वर्षी, वाघाच्याच सालात, आईने माझ्या गणवेशाच्या दुमडीत लाल धागा शिवला होता. "चिनला सांगू नकोस," म्हणाली. तू मावशीकडून परत येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. मी तुझी दुमड चोरून उसवली. आत काही नव्हतं.

म्हणजे संशय मला तेव्हापासून होता. तरी माझ्या लग्नात वाघीण म्हणून तुला खोलीबाहेर ठेवलं. "आत आले तर नवरीला खाऊन टाकीन!" म्हणत तू सगळ्यांना हसवत होतीस आणि मी आतून दार लावू दिलं. फांग-यू झाली तेव्हा महिनाभर तुला तिचं तोंडही दाखवलं नाही. मग तू येणंच सोडलंस.

एक विचारू? ती उसवलेली दुमड दुसऱ्या दिवशी शिवलेली होती. मी शिवली नव्हती. आईचे टाके इतके वाकडे नसतात. तुला कधीपासून ठाऊक आहे?

विहीणबाईंना मी काल सगळं सांगितलं, वाघीण मीच आहे हे. "आता सांगताय?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. लग्न मोडतील की काय, कळत नाही. फांग-यू म्हणते, "मोडू दे, पण चिनमावशीला बोलव."

नवरीच्या तोंडावर जाळीची ओढणी आईने सोडायची असते. ती तू सोड. मी दाराबाहेर उभी राहीन. लाल पट्टा कमरेला बांधलाय, मोकळेपणी, पहिल्यांदाच.

येशील ना, ताई?

तुझी धाकटी,
युए-श्या