आईला झेपणार नाही

दादा,

सहलीची चार तिकिटं तू मोबाइलवर पाठवलीस. तुझं, वहिनीचं आणि दोन्ही मुलांची. आईचं आणि माझं मागाहून येईल असं वाटून मी दवाखान्याच्या काउंटरवरूनच, समोर पेशंट ताटकळत असताना, तुला फोन लावला. तू शांतपणे म्हणालास, "अगं, आईला झेपणार नाही. आणि तिच्यापाशी कुणीतरी हवंच ना."

परदेशातल्या त्या शहरातल्या सहलीचा अख्खा बेत मी आखला होता. कुठल्या मेट्रो स्टेशनात लिफ्ट आहे, नदीवरच्या कुठल्या बोटीत आईची व्हीलचेअर चढते, कुठल्या हॉटेलच्या बाथरूमला उंबरा नाही, हे मी दोन महिने शोधत होते. तू तो कागद मागून घेतलास आणि धडधाकट पायांच्या माणसांना घेऊन निघालास. तुला लाज कशी वाटली नाही?

आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे, मला कुठे एवढी हौस." मग तिने मांडीवरचा नवा पासपोर्ट उचलून ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या बिलांखाली सारला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी रजा टाकली आणि आम्हा दोघींची तिकिटं काढली. तुमच्या आधी आठवडाभर, उद्या सकाळीच आम्ही निघतोय.

मघाशी आईने विचारलं, "दादाला कळवलंस ना? नाहीतर त्याला वाईट वाटेल."

मी हो म्हणाले. तिच्याशी असं धडधडीत खोटं मी पहिल्यांदाच बोलले, तेही तुझ्यापायी. हे पत्र तुला मिळणार नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी