पामच्या रस्त्याचे चाळीस खड्डे

बोईसर,
गुरुवार, ता. १४ जुलै १९६६

ती. सोजराअक्का हिस,

नर्मदाचा वाकून नमस्कार. इकडे सारं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. दाजींच्या गुडघ्याला आता आराम असेल. तू पाठवलेल्या कुरडया पोचल्या, पण इथल्या दमट हवेत चार दिवसांत मऊ पडल्या.

यांची वीजघराच्या बांधकामावरची नोकरी चालू आहे. दोन महिन्यांनी कायम करतील म्हणतात. चाळी बांधताना इथली होती ती झाडं तोडली, आणि आता सावली नाही म्हणून सगळे ओरडतात. तेव्हा वनमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही वसाहतीतल्या बायकांनी मंडळ काढलं. शेजारच्या पाम गावाच्या रस्त्याला करंज आणि शिरीष, अशी चाळीस झाडं लावायची ठरली. प्रमुख मी, का तर शेतकऱ्याची लेक! हसू नकोस. नर्मदीच्या हातची मेथीसुद्धा उगवत नाही असं बाबा म्हणायचे, ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. चारचौघींनी बाई-बाई केलं की मी हुरळते, हे तुला माहीतच आहे.

खड्डे खणायला नवशा आणि त्याची बायको बुधी होती. डोंगराकडच्या पाड्यावरची माणसं, भाताच्या आवणीआधी, म्हणजे लावणीआधी, चार दिवस मजुरीला आलेली. त्यांची तानी चार वर्षांची आहे. सोमवारी दुपारी ती एका खड्ड्यात पडली. खड्डा माझ्या कमरेएवढा, पावसाने काठोकाठ भरलेला. नवशाने ओढून काढली तेव्हा पोर निळी पडली होती. पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे पाणी ओकली आणि श्वास आला. आता पालघरच्या दवाखान्यात आहे. ताप उतरत नाही. डोळे उघडते, पण आईला ओळखत नाही.

मजुरांनी काम अर्धवट टाकलं म्हणून पोर पडली, असं मंडळाने ठरवून टाकलं. नवशाचं काम गेलं. उद्या दहा वाजता त्याला चौकीवर जबाबाला बोलावलंय. पोरीचं काही बरंवाईट झालं तर त्याला आत टाकतील, असं चाळीत बोलतात.

अक्का, मला फार भीती वाटते. रस्त्याने जीप गेली तरी मी दाराआड होते. भरलेली बादली दिसली की पालथी घालते. काल भाजीत दोनदा मीठ घातलं. यांनी ती तशीच खाल्ली.

कारण खड्डे उघडे ठेवायला मी सांगितलं होतं.

आपल्याकडे खड्डा खणला की दोन पाऊस पिऊ देतात आणि मगच रोप लावतात ना? तेच मी इथे ठणकावून सांगितलं. बुधी म्हणाली होती, "बाय, आजच बुजवा. हितं पानी जिरत नाय." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस, माझा जन्म शेतात गेलाय." आपल्या रानात दोन पावसांचं पाणी संध्याकाळपर्यंत आटतं. इथे एका सकाळीत चाळीसच्या चाळीस खड्डे भरले. ते पाहून मला आनंद झाला होता, अक्का. मी मोजून आले होते.

यांना सोमवारीच सांगितलं. म्हणाले, तोंडाला कुलूप घाल, दोन महिने कळ काढ. त्यांचंही चूक म्हणवत नाही. हेही घाबरलेत.

काल दूध घेऊन दवाखान्यात गेले. बुधी लेकीच्या उशाशी होती. मी हळूच विचारलं, "तू कुणाला सांगितलं कसं नाहीस?"

ती म्हणाली, "आमचं कोन आयकतंय? तुमी सांगाल म्हनून वाट बगते हाय."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. दूध तिने घेतलं आणि चमच्याने तानीच्या ओठांना लावत बसली. अर्धं बाहेर आलं, ते पदराने पुसलं.

उद्या नवशाच्या आधी मी चौकीवर जाणार आहे. यांना सांगितलेलं नाही. मला कोंडतील, की यांची नोकरी जाईल, की दोन्ही, काही कळत नाही. चौकीच्या पायरीवरून परत फिरेन, हीच सगळ्यात मोठी भीती. माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून हे पत्र आज टाकते. एकदा तुझ्या हाती पडणार म्हटलं की उद्या गप्प बसून मला पुन्हा तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही.

आम्ही ट्रंका घेऊन तुझ्या दारात आलो तर आधी पाणी दे, मग हवं तेवढं बोल. आणि तानीसाठी देवापुढे दिवा लाव. माझ्यासाठी नको.

खड्डे उघडे ठेवा म्हणणारी,
तुझी नर्मदा