सात नंबरचं वजन

१ नोव्हेंबर
आलो एकदाचे कोलकात्याला. गुरुदत्तची बँकेतली बदली, आणि मलाही लगेच काम मिळालं. सॉल्ट लेकच्या पलीकडे इमारती संपतात, तिथल्या गवतात उंदीर, चिचुंद्र्या किती आहेत ते मोजायचं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, यासाठी एवढं शिकलीस का? म्हटलं, हो, आणि पकडलेले सोडूनही देणार आहे. आमची चैत्राली हसून हसून लोळली. सहा वर्षांची आहे, तिला सगळ्याचंच हसू येतं.

३ नोव्हेंबर
चाळीस पत्र्याचे पिंजरे लावले, आत शेंगदाणे आणि गूळ. जो सापडेल त्याला कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं, खुणेसाठी थोडे केस कातरायचे आणि सोडून द्यायचं. सात नंबरचा उंदीर चांगला गुबगुबीत निघाला, बासष्ट ग्रॅम. मदतीला श्यामसुंदरबाबू आहेत. बोलायला गोड, पण डांबरी रस्ता सोडून गवतात पाऊल टाकायला तयार नाहीत. पिंजरे मीच वाहते आणि ते तिथून नमस्कार करतात.

९ नोव्हेंबर, रविवार
चैत्रालीला इथे अजून मैत्रीण नाही, म्हणून बरोबर नेलं. चपला काढून तासभर हुंदडली. सात नंबर पुन्हा सापडला. दिसायला तसाच, पण वजन अडतीस. काटा बिघडला असणार. श्यामसुंदरबाबू चैत्रालीला पाहून रस्त्याच्या कडेपर्यंत धावत आले. मग म्हणाले, मुलीला आणायला नको होतं, ही तळं बुजवलेली जमीन आहे, हिच्यावर जो उतरतो त्याचा भार ती काढून घेते. मी हसण्यावारी नेलं.

१३ नोव्हेंबर
नवा काटा. सात नंबर पिशवीत वळवळत होता आणि काटा शून्यावर. पिशवी उघडली तर तो खाली पडला नाही. पाय मारत वर वर गेला, दिसेनासा होईपर्यंत.
घरी आले तर शाळेची चिठ्ठी. चैत्रालीचं वजन अकरा किलो. मागच्या महिन्यात, जुन्या शाळेत, एकोणीस होतं. गुरुदत्त म्हणतो, पाणी मानवलं नसेल. गाल तर तसेच आहेत. मला फार भीती वाटतेय.

१५ नोव्हेंबर
पाच किलो. डॉक्टरांना काही सापडत नाही. श्यामसुंदरबाबूंच्या पाया पडले, उपाय विचारला. ते रडायला लागले. म्हणाले, उपाय असता तर माझा भाऊ आज असता. चैत्रालीला तिथे नेलं ते मीच —

१७ नोव्हेंबर
खिडक्या बंद. पंखे बंद. दप्तरात विटा भरून तिच्या पाठीला बांधल्या. विटा खाली राहतात, ती वर ओढली जाते. पट्टे खांद्यांत रुतून रक्त आलं. सोडवले —

१८ नोव्हेंबर
ओढणीने तिला माझ्या कमरेला बांधलंय. गुरुदत्त दोर आणायला गेलाय. घाबरू नकोस, आईने धरलंय, असं सारखं सांगतेय. ती खाली बघतेय. विचारतेय, आई, तुझे पाय का टेकत नाहीत —